कुत्रा पाहण्याचा कार्यक्रम

नाशिकच्या कॉलेज रोडला एप्रिलातल्या भर दुपारी एखाद्या बंद फ्लॅटचा एसी घरघरत असेल, तर आत माणूस असेलच अशी खात्री देता येत नाही. आई बँकेत, बाबा सातपूरला कंपनीत, मुलगी क्लासला. सोफ्यावर चारी पाय पसरून, निळे डोळे अर्धवट मिटून पडलेला असतो तो सायबेरियन हस्की. बाहेर पारा चाळिशीला टेकलेला, आत बावीस. घरातली माणसं रात्री मात्र पंख्यावर भागवतात, कारण दिवसाच्या एसीचं बिल कुठून तरी भरून काढावं लागतं.

हा हस्की म्हणजे साधंसुधं घराणं नव्हे. सायबेरियातल्या चुकची लोकांनी बर्फावरून गाडी ओढण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेली ही जात. १९२५च्या जानेवारीत अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली. बंदर गोठलेलं, विमानाचा भरवसा नाही. तेव्हा वीस गाडीवान आणि सुमारे दीडशे कुत्री यांनी टप्प्याटप्प्यानं जवळपास अकराशे किलोमीटर बर्फ तुडवून साडेपाच दिवसांत औषध पोचवलं. अशा घराण्यातलं पोर कॉलेज रोडला आलं की पट्टा धरलेल्या बाबांना रोज सकाळी गोल्फ क्लब मैदानापर्यंत ओढत नेतं. ट्रॅकवरची मंडळी कौतुकानं म्हणतात, ‘काका या वयातही काय पळतात!’ काका पळत नसतात. हस्कीला नाशिक जिल्ह्यात नांदवायचंच असेल तर निफाडला, तेही ऐन थंडीत पारा पाचाच्या खाली उतरतो तेव्हा. आणि फेब्रुवारी संपता संपता माहेरी परत.

आता हा निळ्या डोळ्यांचा जावई या घरात आला कसा? तर फोटो पसंत पडला म्हणून. फ्रीज घ्यायचा तर हेच घर पाच दुकानं फिरतं, स्टार मोजतं, वॉरंटीचा कागद दोनदा वाचतं आणि शेवटी मामांना फोन करतं. कुत्रा बारा-चौदा वर्षं टिकतो, फ्रीजपेक्षा जास्त. पण त्याच्या वेळी मुलीनं मोबाइल पुढे केला, आईनं ‘अय्या, किती गोड!’ म्हटलं आणि बाबांनी ‘बघू’ म्हटलं. मराठी घरात बाबांचं ‘बघू’ म्हणजे नकार असतो. फक्त कुत्र्याच्या बाबतीत तो होकार धरतात. रविवारी केनेलवर पाहण्याचा कार्यक्रम होतो. पत्रिका म्हणून केनेल क्लबचा कागद दाखवतात. त्यावर आज्या-पणज्यांची नावं इतकी भारदस्त असतात, की आपल्या घराण्यात तीन पिढ्यांपलीकडचं कुणाचंच नाव माहीत नाही हे बाबांच्या पहिल्यांदा लक्षात येतं. गुण जुळवायचे राहूनच जातात. मुलाकडचे कितीला उठतात, दुपारी घरी कोण असतं, घर कितव्या मजल्यावर, लिफ्ट बंद पडते का, यातलं काही कुणी विचारत नाही.

पसंतीची ही तऱ्हा नवी नाही. फक्त स्थळं बदलत गेली. बंगलेवाल्यांच्या फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध रहा’ अशी पाटी असायची, त्या काळात अल्सेशियन आणि डॉबरमन यांना भाव होता. १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’मध्ये टफी नावाच्या कुत्र्यानं पंचाची भूमिका केली आणि घरोघर पांढरी ‘पामेरियन’ आली. खरं तर ती बहुतेक इंडियन स्पिट्झ. अस्सल पोमेरेनियन दोन-तीन किलोंचं, ओंजळीत मावेल एवढं असतं. पण नावात काय ठेवलंय म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. मग २००३मध्ये हचच्या जाहिरातीत एक पग लहान मुलाच्या मागं मागं चालला आणि सगळ्या देशाला चपट्या नाकाचं वेड लागलं. मोबाइल कंपनीचं नाव बदललं, मालक बदलले, पगचं नाक मात्र तसंच राहिलं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून अंगातली उष्णता घालवतो. ज्याची श्वासाची वाटच जन्मतः आखूड, त्यानं मे महिन्यात द्वारकेच्या सिग्नलला काय करावं? जाहिरातीतला पग मुलामागं जाईल तिथं जायचा. इंदिरानगरातला पग दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसून घेतो, आणि मग मुलगा त्याच्या मागं मागं, त्याला उचलून, वर जातो.

या सगळ्यांतून शहाणपणानं वाट काढणारे लोक शेवटी लॅब्रॅडॉरवर येतात. ‘लॅब म्हणजे अगदी घरंदाज हो, मुलांना काही करत नाही,’ असं जो तो सांगतो आणि ते खरंही आहे. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर कोळ्यांच्या हाताखाली त्याच्या पूर्वजांनी जाळी ओढली, गळाला चुकलेले मासे पाण्यातून आणून दिले. माणसाचं काम करण्यात त्याला आनंद आहे. मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातला झंजीर लॅब्रॅडॉरच होता. १९९३च्या स्फोटांनंतर त्यानं तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स हुंगून काढलं आणि २०००च्या नोव्हेंबरात तो गेला तेव्हा त्याला सरकारी इतमामानं निरोप दिला गेला. त्याचं प्रशिक्षण पुण्याला झालं होतं, हे मुद्दाम सांगायला हवं. कारण तेच नाक सिडकोतल्या वन बीएचकेमध्ये विनाप्रशिक्षण येतं आणि मग वरच्या फळीवर, तिसऱ्या डब्यात, पिशवीला दोनदा रबर लावून ठेवलेला कोंडाजी चिवडा हुंगून काढतं.

लॅब खादाड असतो असं लोक हसत हसत सांगतात, त्यामागं विज्ञानही आहे. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांना असं आढळलं, की साधारण चारांतल्या एका लॅब्रॅडॉरमध्ये एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो, आणि त्यामुळं पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत नीट पोचत नाही. म्हणजे वाटी चाटूनपुसून झाल्यावर तो ज्या डोळ्यांनी बघतो ते नाटक नाही. त्याला खरोखरच वाटतं की आज अजून जेवायला मिळालेलं नाही. सकाळी आईनं घातलेलं, अकराला आजींनी घातलेलं, संध्याकाळी मुलीनं क्लासवरून आल्यावर घातलेलं, यातलं एकही त्याच्या खात्यावर जमा झालेलं नसतं. आणि घरातले सगळे आपापल्या कामाच्या वेळांत गुंतलेले असल्यामुळं आधी कोणी घातलं हे एकमेकांनाही ठाऊक नसतं. अशा घरातला लॅब दोन वर्षांत टीपॉयच्या आकाराचा होतो.

या खादाडीची भीती दुसऱ्या कुठल्या गावात थोडी कमी वाटली असती. नाशिकची गोष्ट वेगळी. या जिल्ह्याचं नाव देशभर झालं ते द्राक्षांमुळं आणि कांद्यामुळं, आणि नेमकी ही दोन्ही पिकं कुत्र्याला विष आहेत. अतिशयोक्ती नाही. द्राक्षं किंवा बेदाणे खाल्ले तर कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. कुठल्या कुत्र्याला किती द्राक्षं बाधतील याचा हिशेब लागत नसे. २०२१मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी बोट ठेवलं ते द्राक्षातल्या टार्टारिक आम्लावर. त्याचं प्रमाण जातीनुसार आणि पिकण्यानुसार बदलतं, म्हणून एकाला चार मणी भोवतात आणि दुसऱ्याचं घोसावरही निभावतं. कांद्याची तऱ्हा निराळी. तो कच्चा असो, शिजवलेला असो वा वाळवून पूड केलेला, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. लसूण त्याच कुळातला.

आता नाशिकच्या घरात काय काय असतं ते बघा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिंपळगावचे पाहुणे आले की हातात पिशवी नसते, क्रेट असतो. तो क्रेट नेहमी जमिनीवर, पंख्याखाली, म्हणजे बरोबर लॅबच्या नाकाच्या पातळीवर ठेवतात. आजोबा सोफ्यावर बसून एक मणी स्वतःला, एक नातवाला अशा हिशेबानं घोस संपवतात आणि ‘त्यालाही एक द्या की, काय डोळे लावून बसलाय’ म्हणून खाली एक टाकतात. रविवारी मिसळ येते. तिच्या रश्श्यात कांदा, वर कांदा, शेजारी वाटीत कांदा. शिऱ्यात बेदाणे. आमटीत लसूण. आणि पाहण्याच्या कार्यक्रमाचा मूळ पदार्थ कांदेपोहे, तोही बाद. लासलगावात कांद्याचे भाव पडले की आजी स्वस्ताईच्या आनंदात दहा किलो भरून ठेवतात आणि घरातल्या बाल्कनीचं कुत्र्याच्या दृष्टीनं रसायनांचं गोदाम होतं. नाशिककर कुत्र्याला सुरक्षित असं काय उरतं? वरणभात. तोही फोडणी न दिलेला. नाशिकला कुत्रा आणायचा तर तो आजाऱ्याच्या पथ्यावर आयुष्य काढायला तयार असलेला हवा, आणि ही अट कुठलाच ब्रीडर पत्रिकेत लिहून देत नाही.

खरी ग्यानबाची मेख मात्र पुढेच आहे. कुत्रा पसंत करणारे असतात तीन: मुलगी, आई, बाबा. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा या वेळेत त्यांच्यातलं एकही घरी नसतं. त्या वेळात कुत्रा ज्यांच्या पदरी पडतो ते आजोबा, कामाला येणाऱ्या मावशी आणि खालचे वॉचमनकाका. पाहण्याच्या कार्यक्रमाला या तिघांपैकी कुणालाही नेलेलं नसतं.

दोन महिन्यांच्या पिल्लाला दोन-तीन तासांवर लघवी धरता येत नाही. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला कायद्यानं बंदी आहे; २०१७चे नियम तसं स्पष्ट सांगतात. म्हणजे नियमानं चालणाऱ्या घरात ते येतं तेच मुळी या वयात. लसीचे डोस पूर्ण होईपर्यंत त्याला खाली मोकळ्या मातीत सोडता येत नाही. बाबा फर्स्ट शिफ्टला असतील तर सव्वासहाला कंपनीची बस पकडतात, सेकंडला असतील तर मध्यरात्री दार उघडतात आणि पिल्लू समजतं की सकाळ झाली. आठवड्याला शिफ्ट बदलते. माणूस महिन्या-दोन महिन्यांत सरावतो, कारण त्याला पगार मिळतो. कुत्र्याचं घड्याळ पोटात असतं. ते अंबडच्या कारखान्यांच्या वेळापत्रकाप्रमाणं दर सोमवारी फिरवता येत नाही. या घरांना पिल्लू नको, चार-पाच वर्षांचा सरळमार्गी मोठा कुत्रा हवा, जो सहा-सात तास निवांत धरतो आणि दिवसाचा निम्मा वेळ झोपतो. पण मोठा कुत्रा फोटोत गोड दिसत नाही.

इंदिरानगरातल्या एका घरात बीगल आणला. बीगल म्हणजे इंग्लंडात सशामागं टोळीनं पळणारा शिकारी, एकटं राहणं त्याच्या गावी नाही. घरातले गेले की तो गळा काढायचा, आणि साडेदहाला मावशी आल्या की आनंदानं त्यांच्या हातातलं फरशी पुसायचं फडकं धरायचा. मावशी एका टोकाला, बीगल दुसऱ्या टोकाला, मध्ये फिनेलचं पाणी. फडकं सुटलं की तो ते घेऊन पलंगाखाली जायचा आणि केरसुणी घेऊन बाहेर यायचा. दुसऱ्या आठवड्यात मावशींनी स्वच्छ सांगितलं, ‘ताई, एक तर तो राहील नाहीतर मी.’ ताईंनी विचार केला, पण फार नाही. बीगल घोटीजवळच्या मावसभावाच्या शेतावर गेला. तिथं त्याला टोळी मिळाली, ससेही मिळाले असतील. इंदिरानगर, पाथर्डी फाटा, सिडको या पट्ट्यात मावशी मिळणं किती कठीण आहे हे ज्याला माहीत आहे तो ताईंना दोष देणार नाही. नव्या घरानं कुत्रा पाहायला जाताना मावशींना रिक्षानं सोबत न्यावं, आणि त्यांनी मान डोलावली तरच बोलणी पुढे न्यावीत.

आजोबांचं तंत्र वेगळं. त्यांचा विरोध पहिल्या दिवशी कडक असतो: ‘घरात कुत्रं आलं तर मी देवळाली कॅम्पला आत्याकडं राहायला जाईन.’ चार दिवस ते त्याला नावानं हाक मारत नाहीत, ‘ते’ म्हणतात. पाचव्या दिवशी ‘त्याला’ जंताचं औषध कधी द्यायचं ते आजोबांनाच पाठ असतं. नोटा छापणाऱ्या प्रेसमधून निवृत्त झालेले आजोबा, ज्यांनी उभी हयात नोटा मोजल्या गेल्या की नाहीत याच्या काळजीत काढली, ते आता गोचिडी मोजतात आणि वहीत लिहितात. अशा आजोबांचं स्थळ ज्या घरात आहे त्या घरात जात कुठलीही चालते. नसतील, तर हस्की काय आणि लॅब काय, सगळ्यांचेच हाल.

राहता राहिली राखण. गंगापूर रोडच्या पुढे, धरणाच्या बाजूला ज्यांनी फार्महाऊस बांधलं, त्यांचा कुत्र्याचा हिशेब सरळ असतो: दांडगा हवा, फाटकाला बांधता आला पाहिजे. २०२४च्या मार्चमध्ये केंद्र सरकारनं पिटबुल, रॉटवायलरसह तेवीस जातींवर बंदी घालायला राज्यांना पत्र पाठवलं, एप्रिलात दिल्ली उच्च न्यायालयानं ते रद्द केलं. या महिनाभरात फार्महाऊसवाल्यांची झोप उडाली होती. वास्तविक त्यांची झोप उडायला हवी ती दुसऱ्याच कारणानं. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. २०१४मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात, वजनाच्या हिशेबानं, ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. शेळ्या संख्येनं कितीतरी जास्त, पण त्यांचा वाटा ११ टक्के. कारण उघड आहे. शेळीला रात्री आत घेतात आणि कुत्र्याला राखणीसाठी बाहेर बांधतात. बिबट्याला साखळी सोडवायचेही कष्ट नकोत. आणि हे काही रानातलंच राहिलेलं नाही. २०१९च्या जानेवारीत गंगापूर रोडलगतच्या सावरकरनगरात भर वस्तीत बिबट्या शिरला होता. राखणीचा कुत्रा ठेवणाऱ्यानं त्या कुत्र्याची राखण कोण करणार हे आधी ठरवावं.

देशी बाणा म्हणून काहीजण मुधोळचं नाव घेतात. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेलं हे शिकारी कुत्रं, आपल्याकडं कारवान म्हणतात ते. २००५मध्ये त्याच्यावर टपाल तिकीट निघालं, २०२०मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याचं कौतुक केलं आणि तेव्हापासून त्याची चौकशी वाढली. कुत्रं देखणं, काटक, आपल्या उन्हातलं. फक्त ते पळण्यासाठी जन्मलेलं आहे. टू बीएचकेचा हॉल त्याचा दोन उड्यांत संपतो, तिसरी उडी शोकेसवर. सिन्नरकडं चार एकर असतील तर जरूर आणा.

मग कामावर जाणाऱ्या घरानं आणावं काय? गोदाघाटावर एकमुखी दत्ताचं देऊळ आहे. दत्ताच्या कुठल्याही तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात. त्यांना वेदांचं रूप मानतात, आणि चारही बिनदिक्कत गावठी असतात. उन्हाची सवय, पोटाची तक्रार नाही, नाक सरळ, केस आखूड, अंगात शहाणपण. रस्त्यावर वाढलेला गावठी कुत्रा माणसाचं वेळापत्रक घरातल्यांपेक्षा आधी ओळखतो, कारण त्याचं जेवणच त्यावर अवलंबून असतं. तरीही पाहण्याच्या कार्यक्रमात तो बसत नाही. त्याच्याकडं पत्रिका नाही.

म्हणून त्यानं उलटा कार्यक्रम सुरू केला आहे. तोच घरं पाहतो. कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये कानाला कातरलेली खूण असलेला, म्हणजे नसबंदी आणि लस झालेला, एक तरी तपकिरी कुत्रा असतोच. ए विंगमध्ये तो राजा, बी विंगमध्ये ब्रूनो, वॉचमनकाकांचा वाघ्या. सकाळी सातला ए विंगच्या तळमजल्यावर दूध-पोळी, दुपारी वॉचमनकाकांच्या डब्यातली भाकरी, संध्याकाळी सहाला बी विंगमधून कामावरून परतलेल्या बाईंची बिस्किटं, रात्री सेकंड शिफ्टच्या स्कूटरला फाटकापर्यंत सोबत. चार घरं, चार वेळा, कुठंही एकटं राहणं नाही.

आता प्रश्न उरतो तो सोसायटीचा. २०२३चे प्राणी जन्मनियंत्रण नियम म्हणतात की अशा कुत्र्यांना खाऊ घालण्याची जागा सोसायटीनं ठरवून द्यावी, ती जिना, प्रवेशद्वार आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर असावी, आणि वेळ मुलांची ये-जा नसेल अशी असावी. बत्तीस फ्लॅटच्या सोसायटीतून जिना, प्रवेशद्वार आणि मुलं वजा केली की उरतं पार्किंग, आणि पार्किंगवरून आधीच सहा वर्षं भांडण चालू आहे. वार्षिक सभेत विषय निघाला. ए विंगनं ‘आमचा राजा’ म्हटलं, बी विंगनं ‘ब्रूनोबद्दल बोलायचं तर’ अशी सुरुवात केली, आणि पाऊण तासानं सेक्रेटरींना वाटू लागलं की दोन्ही विंग वेगवेगळ्या कुत्र्यांबद्दल भांडत आहेत. इतिवृत्तात नोंद झाली: ‘विषय क्र. ७, कुत्रे (दोन), चर्चा अपूर्ण, पुढील सभेपुढे ठेवणे.’ कुत्रा एकच आहे ही दुरुस्ती सुचवण्यासाठी वॉचमनकाका उठले होते, पण ते सभासद नसल्यामुळं त्यांना बोलता आलं नाही.